दोन खड्डे आणि एक वीट

आमच्या वस्तीत कुठलंही पत्रक आलं, की ते आधी विहारात मोठ्याने वाचायचं आणि मगच त्याची घडी घालायची, अशी रीत आहे. मोर्चाचं असो, आरोग्य शिबिराचं असो, नाहीतर बियाणांच्या दुकानाचं. वाचायचं काम शाळेत जाणाऱ्या पोरींचं. मी दुसरीत असल्यापासून वाचत आले. आजोबांनी जमवलेल्या पत्रकांची पत्र्याची एक पेटी आमच्या घरात आहे. तिच्यातल्या कागदात कधी भाजी गुंडाळली गेली नाही की चूल पेटवली गेली नाही. बाराखडी संपल्यावर मी धड्याचं पुस्तक न उघडता थेट ‘जाहीर निषेध’ वाचायला लागले, असं आई सांगते. त्या कागदांनी मला एक सवय लावली. कुणी काही फुकट द्यायला आलं, की तो मनातलं काय बोलत नाही ते आधी शोधायचं.

मी अकरावीत असताना आमच्याकडे संडास आले.

मंचरहून डिंभ्याकडे जाताना कालवा ओलांडला की डाव्या हाताला आमची वस्ती लागते. गाव वर, आम्ही खाली, ओढ्याच्या अंगाला. तोवर वस्तीला ग्रामपंचायतीने कधीकाळी बांधलेली सहा संडासांची एक रांग होती. तिचे दरवाजे माझ्या जन्माआधीच कुणीतरी नेले होते. पाणी नव्हतं. खालची टाकी फुटून ओढ्यात वाहायची. पुरुष कालव्याकडे जायचे आणि बाया उसात. उसात वाघ. आमच्याकडे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात. आई आणि आत्या पहाटे टमरेल घेऊन निघायच्या त्या मोठमोठ्याने बोलत, म्हणजे आवाजाने तो लांब जाईल. आत्या म्हणायची, वाघ आपल्याला काही करत नाही, फक्त मोकळं होऊ देत नाही.

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्या शेजारी दोन खोल्या बांधून राहिली. आबा माझे वडील, गवंडी. ओझरला यात्रेकरूंसाठी लॉज उठली, त्यातल्या कितीतरी संडासांच्या फरश्या आबांनी बसवल्या. पांढऱ्याशुभ्र. त्या फरशीची पातळी साधून आलेला माणूस घरी येऊन टमरेल शोधायचा. मला याचा राग यायचा, आबांना येत नसे. म्हणून आबांचाही राग यायचा.

तर संडास आले. जुनी रांग पाडायची आणि घरटी एक नवा बांधून द्यायचा, अशी योजना होती. समजावून सांगायला एका संस्थेच्या बाई आल्या. विहाराच्या ओट्यावर त्यांनी पुठ्ठ्यावर काढलेलं चित्र टेकवलं. एका भांड्याच्या मागे दोन खड्डे, जाळीदार विटांचे, आणि मधे एक छोटं चेंबर. चेंबरातून दोन वाटा फुटतात. एका वाटेत वीट घालून ती बंद करायची. पहिला खड्डा काही वर्षांनी भरला, की वीट काढून दुसऱ्या तोंडाला लावायची. मैला दुसऱ्या खड्ड्यात जायला लागतो, पहिला दीड वर्ष तसाच झाकून ठेवायचा. तोवर आत माती होते. मग बाईंनी पिशवीतून काचेची बरणी काढली. लोणच्याची असते तशी. आत काळी भुसभुशीत माती होती. त्यांनी झाकण काढून बरणी बायांमध्ये फिरवली आणि वास घ्यायला सांगितलं. आत्याने नाकाला पदर लावून घेतला, आईने नुसतं पाहिलं, आणि माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ती तशीच पुढे सरकवली.

मी उठून विचारलं, भरलेला खड्डा उपसणार कोण?

बाई हसून म्हणाल्या, “तुम्हीच की. मातीच असते ती.”

त्या ‘तुम्हीच’पाशी माझं ऐकणं थांबलं. माझ्या आजोबांनी दीक्षेनंतर गावातली मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. त्यापायी गावाने त्यांना पिठाच्या गिरणीवर उभं राहू दिलं नव्हतं. आजी जात्यावर दळायची आणि आजोबा तिला पत्रक वाचून दाखवायचे. गावाची घाण गावाने बघावी, हे त्यांचं वाक्य आमच्या घरात भिंतीवर लिहिल्यासारखं होतं. आणि आता एक बाई बरणी घेऊन येते आणि म्हणते, तुम्हीच. वरच्या गावठाणात सेप्टिक टाक्या, आमच्याकडे खड्डे. असं का, हेही मी विचारलं. बाई म्हणाल्या की टाकी उपसायला टँकर लागतो, मैला कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो. खड्ड्याला यातलं काही लागत नाही. मला वाटलं, म्हणजे टँकर त्यांच्यासाठी आणि हात आमचे.

आणखी काही गोष्टी मी मनात टिपून ठेवल्या होत्या. सुरुवात आमच्याच वस्तीपासून का? काम झाल्यावर दारात घरच्या बाईला उभं करून फोटो का काढतात? दारांना सगळीकडे गुलाबीच रंग का? त्यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण उत्तर नाही हाच मला पुरावा वाटायचा.

आबांना त्या कामावर गवंडी म्हणून घेतलं. त्या दिवसापासून वस्तीत त्यांना ‘सरकारचं माणूस’ म्हणायला लागले. चेष्टेतच, पण म्हणायला लागले. मीही घरात एकदा म्हणाले. आबा भिंतीकडे बघत जेवत राहिले.

संडास बांधून झाले, वापरात आले. आई पहिल्यांदा कडी लावून आत बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही हाका मारल्या, तर आतून म्हणाली, “बसू द्या की जरा. कोण येतंय हितं?” तो आनंद मला दिसत होता. पण त्या दाराच्या मागे जमिनीत दोन झाकणं होती आणि माझं लक्ष झाकणांवर होतं.

मग मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘खड्डा कोण उपसणार?’ मंचरला झेरॉक्स काढली. पत्रकात आजोबा होते, गिरणी होती, लोणच्याची बरणी होती आणि शेवटी एक उपाय होता. तो मला चेंबरचं चित्र बघता बघता सुचला होता. मी लिहिलं होतं: ‘एक वाट बंद ठेवण्यातच मेख आहे. खड्डा लवकर भरावा आणि आपल्या हातात पुन्हा घमेलं यावं, म्हणूनच ही वीट आहे. वीट काढून टाका. दोन्ही खड्डे एकदम चालू करा. दोन्हीकडे थोडं थोडं जाईल, जमिनीत जिरेल, आणि उपसायची वेळ कधीच येणार नाही.’

विहारात पौर्णिमेला ते वाचलं गेलं. मी वाचलं नाही, माझ्या चुलतबहिणीने वाचलं. मी खांबाला टेकून लोकांची तोंडं बघत होते. शेवटच्या ओळीला कुणीतरी “बराबर” म्हणालं. आबा उठून उभे राहिले. ते विहारात कधी बोलत नाहीत. म्हणाले, “वीट काढू नका. दोन्ही खड्डं वलंच ऱ्हातील. मुरायला एकाला तरी मोकळीक पायजे.”

मागून कुणीतरी म्हणालं, सरकारचं माणूस सरकारचंच बोलणार. लोक हसले. मी हसले नाही, पण आबांच्या बाजूने बोललेही नाही. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, “पाणी काय तुझं पत्रक वाचून चालत न्हाई, पोरी.”

आठवड्यात वस्तीतल्या सगळ्या विटा निघाल्या. चेंबरचं झाकण पहारीने उचलायचं, वीट हिसकायची, झाकण ठेवायचं. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. काही जणांनी तर त्या विटा चुलीला लावल्या. आमची वीट मी स्वतः काढली, आबा ओझरला कामावर गेलेले असताना. ती मी ओढ्यात फेकली. ती पडल्याचा आवाज मला लई आवडला होता.

सात वर्षं गेली. मी कॉलेज केलं, मंचरच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले, लिहायला लागले. संडास चालू होते. माझं म्हणणं खरं ठरलं असं मी धरून चालले होते. वस्तीही धरून होती. आत्या नात्यातल्या लग्नात सांगायची, आमच्या भाचीनं खड्डं उपसायचं काम मिटवलं.

मागच्या उन्हाळ्यात कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं आणि आमच्या बाजूची जमीन नेहमीसारखी ओलावली. आत्याच्या संडासात पाणी उतरेना. आधी सावकाश उतरायचं, मग भांड्यातच उभं राहायला लागलं, मग एका सकाळी वर आलं. तिने चेंबर उघडलं. दोन्ही वाटा तुंबलेल्या. दोन्ही खड्डे गळ्यापर्यंत भरलेले, पातळ, ओले. त्यानंतर आठ-दहा दिवसांत आणखी चार घरांचं तेच झालं. आत्याच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत, तिला उसापर्यंत चालवत नाही. तिने दिवसभर पाणी प्यायचं सोडलं.

टँकरवाल्याला बोलावलं. टँकर विहारापर्यंत आला, पुढे बोळ अरुंद. पाइप पुरला नाही. मग त्याच्या ठेकेदाराला मीच फोन लावला. तो म्हणाला, काळजी करू नका, उद्या माणसं पाठवतो. मी विचारलं, माणसं म्हणजे? तो म्हणाला, “म्हणजे उतरणारी. वर तुमच्या गावठाणात टाक्यांच्या तळाला आमचीच माणसं उतरतात, मॅडम. पाइपानं तळ निघत नाय.”

मी फोन ठेवला. त्याला नको म्हणून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आत्याकडे बघितलं आणि गप्प राहिले. हे मी कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. बादली, दोर, आणि पिण्याच्या पाण्याची स्वतःची बाटली. आईने चहा दिला तर कप हातात घ्यायच्या आधी त्यांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला आबांच्या वयाचा होता. चहा झाल्यावर त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि विचारलं, खड्डा कुठला?

तेव्हा मी मधे आले. म्हणाले, उतरायचं नाही. असं माणसाला उतरवायला कायद्याने बंदी आहे.

तो शांतपणे म्हणाला, “कायदा आमाला बी ठावं हाय, ताई. पण बोलावलं तुमीच ना?”

त्यांचा दिवस मोडला होता, त्याचं काय द्यायचं ते आबांनी दिलं आणि बसस्टॉपपर्यंत त्यांच्यासोबत गेले. डिंभ्याकडून येणाऱ्या गाडीची काही खात्री नसते, म्हणून आबा त्यांच्याबरोबर तिथे बसून राहिले.

ते परत आले तेव्हा आत्याच्या अंगणात वस्तीतली पाच-सहा घरं जमली होती. सगळे माझ्याशी बोलत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की आमचा संडास व्यवस्थित चालू आहे. त्याच जमिनीत, त्याच कालव्याखाली, माणसंही तेवढीच.

आत्या म्हणाली, “तुमचं चेंबर उघडा.”

मला वाटलं, उघडू दे. मीच वीट काढली होती. आमचाही भरतच आला असणार, त्यांना दिसेल. मी स्वतः पहार आणली. झाकण बाजूला झालं. आत एका वाटेच्या तोंडाला वीट होती. नुसती ठेवलेली नव्हती, सिमेंटने नीट लिंपलेली. दुसऱ्या वाटेतून पाणी वाहत होतं.

मग आत्या हळू आवाजात म्हणाली, “पत्रक आमाला आणि वीट तुमाला?”

मी काय केलं ते सांगते. मी खाली वाकले आणि त्या सिमेंटवर नख घासून पाहिलं, नवं आहे का. आबांनी आज सकाळीच हे बसवलं असेल, मला खोटं पाडायला, असं माझ्या मनात आलं होतं. जन्मभर ज्यांच्या ताटातलं खाल्लं त्या माणसाबद्दल. सिमेंट जुनं होतं. कडेला शेवाळ धरलं होतं.

“मी बसवली,” आबा म्हणाले. “तिनं काढली त्याच्या दुसऱ्या दिशी. तिला ठावं न्हाई. दोन वर्सामागं पहिला भरला, तवा बदलली.”

“मंग आमाला का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं व्हतं, आक्का. विहारात उभं ऱ्हाऊन सांगितलं. तुमी हसला.”

आत्याने मान फिरवली. मलाही फिरवायची होती, पण मी चेंबरशीच उकिडवी बसलेली होते आणि सगळे वरून बघत होते. आबांनी पहिल्या खड्ड्याच्या झाकणाकडे बोट केलं. त्याच्या कडेच्या सिमेंटात खिळ्याने कोरलेला महिना आणि साल होतं. मी त्या झाकणावर बसून पुस्तकं वाचली होती. ते आकडे मात्र कधी नीट वाचले नव्हते. काम संपवलं की कोपऱ्यात महिना कोरायचा, ही आबांची गवंड्याची सवय. ओझरच्या कितीतरी भिंतींवर असेल.

“दीड वर्साच्या वर झालं,” आबा म्हणाले. “उघडून बघायचं तर बघा.”

झाकण उचललं तर वास आला नाही. मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. म्हटलं वारा उलटा असेल. आत काळं, भुसभुशीत, वर भेगा पडलेलं काहीतरी होतं आणि कडेच्या विटांच्या जाळीतून शेजारच्या पपईची मुळं आत आलेली होती. खोली माझ्या छातीएवढी.

आत्याला माझं पत्रक पाठ होतं. तिने मथळाच विचारला. “आता हा खड्डा कोण उपसणार?”

आबा पुढे झाले. मी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं. ते माझ्या हातात देताना त्यांनी क्षणभर धरून ठेवलं, बहुतेक त्यांनाही आजोबा आठवले असतील. आईने तिची जुनी साडी फाडून माझ्या हातांना आणि तोंडाला गुंडाळली, गाठ मारता मारता पुटपुटली, “लई पत्रकं लिव्हली. आता घमेलं उचल.”

मी आत उतरले. पहिलं घमेलं भरेपर्यंत मी श्वास धरून होते. मग धरवेना आणि घेतला. शेताच्या बांधावर पावसाळ्यानंतर पालापाचोळा उकरला की येतो, तसा वास होता. पण मला ते पटायला दहा-बारा घमेली लागली. प्रत्येक फावड्याला वाटत होतं, याच्याखाली निघेल. वरचं सुकलं असेल, खालचं तसंच असेल. तळाची जमीन लागली तरी तसं काही निघालं नाही. मी काढत गेले, आबा वर घेत गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी घरीही गेलं नाही. संपत आलं तेव्हा आत्या खुर्चीवरून उठली, ढिगाजवळ वाकली, चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली. पदर न लावता.

“कुजलेल्या शेणखतावानी हाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “पण तू अजून शहाणी न्हाई झालीस.”

आजोबांना हे आवडलं असतं का, मला माहीत नाही. गावाची घाण गावाने बघावी म्हणायचे. आपलीही आपण बघावी, असं त्यांनी कधी म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. कदाचित त्यांच्या आयुष्यात तो प्रश्नच आला नाही, संडासच नव्हता.

आत्याचे दोन्ही खड्डे ओले होते, ते उपसायचा विचार सोडून दिला. त्यांची झाकणं लिंपून बंद केली आणि तिसरा खड्डा खणला. तो तयार होईतो आत्या आमचा संडास वापरत होती. आल्यागेल्या प्रत्येकाला ती सांगायची, मी वीटवाल्यांकडं जाऊन येते. बाकी चार घरांनीही असाच तिसरा खड्डा खणला. खणायला प्रत्येक घरातून एक माणूस, आणि जिथे काम चालू असेल तिथेच दुपारचं जेवण. ज्यांचं अजून तुंबलं नव्हतं त्यांनी आबांना बोलावून चेंबरं उघडली, एक एक वाट बंद करून घेतली. आबांना आता कुणी सरकारचं माणूस म्हणत नाही. नुसतं ‘अभियंता’ म्हणतात, तेही चेष्टेतच. आत्याच्या बंद खड्ड्यांवरचा महिना मी कोरला. अक्षर वाकडं आलं. त्याला दीड वर्ष व्हायचं आहे अजून, आणि खरं सांगायचं तर मी येता-जाता त्या झाकणांकडे अजून संशयानेच बघते.

त्या ठेकेदाराचं वाक्य मात्र डोक्यातून जात नव्हतं. वर गावठाणात आमचीच माणसं उतरतात. तो पाण्याची बाटली स्वतः घेऊन येणारा माणूस तिथेही जात असणार, आणि तिथे त्याला मधे पडून थांबवायला कुणी येत नसणार. म्हणून मी नवं पत्रक लिहिलं. मथळा तोच ठेवला, ‘खड्डा कोण उपसणार?’ पहिल्या परिच्छेदात माझी चूक लिहिली. मी कुणाचं ऐकलं नाही, ते लिहिलं, ओढ्यात फेकलेली वीटही लिहिली. आत्याने बजावलं होतं की हे बारीक अक्षरात घालायचं नाही. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं: आमचा आम्ही उपसला. तुमच्या टाकीच्या तळाला कोण उतरतं, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? हे पत्रक विहारात वाचलं जाईलच, पण या वेळी ते वर नेऊन घरोघर द्यायचं आहे. तिथे कसं घेतील, याबद्दल मला फार आशा नाही.

मागच्या बाजूला मी दोन खड्ड्यांचं चित्र काढलं होतं. झेरॉक्सला जाण्याआधी कागद टेबलावर होता. आबांनी माझं लिहिलेलं काही वाचल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते चष्मा लावून उभ्याने वाचत होते. पहिला परिच्छेद वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि चेंबरपाशी एक रेघ मारली.

“वीट आत सरकव थोडी,” ते म्हणाले. “अशी काढलीस तर पाणी दोन्हीकडं जाईल.”